पहिल्या वर्षी राहिलेली मुलगी

स्मरणिकेसाठी खरं तर आमच्या बॅचच्या टॉपरकडून लेख मागवायचा. मी पहिल्याच वर्षी बायोसायन्समध्ये राहिलेली. दहावी-बारावीला ३५ मिळाले की माणूस सुटतो, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ५० टक्के लागतात. मला ४४ होते. ट्यूटर मॅडमनी सांत्वन वगैरे केलं नाही. "शरीराची अर्धीही माहिती नसलेल्या सिस्टरकडून तुझ्या बाबांना इंजेक्शन देऊ देशील का?" एवढंच विचारलं. राग खूप आला, उत्तर काही सुचलं नाही.

घरी उमरेडला फोन केला. आई रडायलाच लागली, तेव्हा बाबांनी फोन घेतला. "म्हैस एक येळ आटली म्हून कोनी इकून टाकते काय वं? पेपर पुन्हा होते ना? मंग?" त्यांच्यापुरता विषय संपला. होस्टेलच्या मेसमध्ये तो इतक्या लवकर संपला नाही. पास झालेल्यांनी आणलेले तर्री पोहे मलाही मिळाले, वर "बिचारी" म्हणून जास्तीची तर्री. (खाल्ली. तर्रीचा काय दोष?)

पुरवणी परीक्षेच्या आधी पोस्टिंग लागलं मेडिसिनला. मे महिना, पारा ४५ च्या आसपास. नागपुरात उन्हाळ्यात उष्माघाताच्या पेशंटसाठी कोल्ड वॉर्ड उघडतात, तिथे माझी ड्युटी. इतवारीत पोती वाहणारे एक काका दाखल झाले होते. अर्धवट शुद्धीत, कॅथेटर घातलेलं, युरोबॅगच्या तळाशी गडद, तपकिरीकडे झुकणारी थोडीशी लघवी. इनटेक-आउटपुट चार्ट माझ्याकडे होता. तासाला ३० एमएलच्या खाली गेली की कळवायचं, हे पाठ होतं. मी कळवलं.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "कमी आहे ते मलाही दिसते. कमी काहून आहे ते सांग."

मला मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनची (लघवी तयार करणाऱ्या बारीक नळीची) आकृती आठवत होती, बाण आठवत नव्हते. सिस्टरांनी युरोबॅगकडे बोट दाखवत सांगितलं: घामातून पाणी गेलं, रक्त घट्ट झालं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते कळलं, पिट्युटरी ग्रंथीनं एडीएच हे पाणी राखणारं हार्मोन सोडलं, आणि त्याच्या हुकमानं मूत्रपिंड कलेक्टिंग डक्टमधलं पाणी परत रक्तात ओढून घेतंय. उरलं ते हे, पिशवीतलं. मग मलाच ड्रिप लावायला दिली. ५०० एमएल, चार तासांत, २० थेंबांचा सेट, म्हणजे २० थेंबांचा एक एमएल. पाचशे गुणिले वीस भागिले दोनशे चाळीस, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. हातात घड्याळ धरून ते मोजले. संध्याकाळपर्यंत पिशवीतला रंग फिका झाला, आकडा वाढला आणि काकांनी डोळे उघडून आधी चहा मागितला.

त्या दिवसापासून धडा उघडण्याआधी मी एक पेशंट धरायची. डायबेटिसच्या आजींसोबत स्वादुपिंड, दम्याच्या दादांसोबत श्वसनसंस्था, हार्ट फेल्युअरवाल्या आजोबांच्या सुजलेल्या पायांवरून रक्ताभिसरण. रात्री त्याच पेशंटवर एक पान लिहायचं: आधी आकृती, मग काय बिघडलं, मग आपण काय करायचं. मॅडम त्या पानांवर लाल पेन चालवायच्या आणि कौतुक अजिबात करायच्या नाहीत. या पद्धतीनं सगळेच विषय निघतात असं मात्र कोणी समजू नये. समाजशास्त्र मी घोकूनच काढलं होतं, आणि आज त्यातली एक ओळ आठवत नाही.

पुरवणीत विषय निघाला. तेव्हा कोर्स साडेतीन वर्षांचा होता, पुढचं सगळं वेळेत झालं.

धंतोलीतल्या एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले तेव्हा मेट्रन मॅडमनी मार्कशीट चाळल्या आणि दुसऱ्या प्रयत्नाच्या नोंदीवर येऊन थांबल्या. त्याबद्दल काही विचारतील म्हणून मी तयारीत बसले होते. त्यांनी विचारलं, "मायक्रोड्रिपवर तासाला ६० एमएल द्यायचंय. थेंब किती?" मायक्रोड्रिपचा एक एमएल म्हणजे ६० थेंब, त्यामुळे तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब. साठ, म्हटलं. सोमवारपासून नाईट लावली त्यांनी.