काट्यावरची बॅग

आठ दिवसांसाठी स्वित्झर्लंडला जायचे ठरले आणि आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी बॅग ज्या वेगाने भरू लागली, तो पाहता त्या देशात माणसे जेवतच नसावीत, अशी घरच्यांची ठाम समजूत झाली असावी. दिवाणावर उघडी ठेवलेली बॅग म्हणजे जणू येणाऱ्याजाणाऱ्याने काहीतरी वाढून जावे असे ताटच. आईने तुपाची बरणी ठेवली, काकूंनी पेढे ठेवले, आणि तिथल्या घरात स्वयंपाकघर आहे हे कळल्यावर त्यांनीच वाटणासाठी अर्धा किलो खोबऱ्याच्या वाट्याही कोपऱ्यात दडपल्या. प्रत्येक वेळी वाक्य एकच, "असू दे, कुठं जड होतंय!"

शेवटी शंका येऊन मी ती बॅग मार्केट यार्डातल्या मामांच्या गुळाच्या अडत दुकानात नेली. जेथे रोज 30 किलोंचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, तोलले जातात त्या काट्यावर आकडा 27 किलो 400 ग्रॅम दिसला, आणि शेजारी उभ्या असलेल्या हमालाने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितले, "रवा जरा हलका भरलाय की!" तिकिटावर मुभा 23 किलोंची होती.

घरी येऊन सगळी बॅग चादरीवर उपसली. कपड्यांचे उत्तर सोपे निघाले, कारण थंडी अडते ती जाडीने नव्हे तर थरांनी. खोऱ्यात ऊन आणि 3,454 मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या खिंडीत बर्फ, असे एकाच दिवसात दोन ऋतू भेटणार असतील, तर जाड कोटापेक्षा आतले उबदार कपडे, एक लोकरी स्वेटर आणि वारा-पाऊस अडवणारे पातळ जाकीट अधिक कामाचे. जड बूट आणि जाकीट प्रवासात अंगावरच घालायचे, म्हणजे काट्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. कोल्हापुरी चप्पल मात्र घरीच राहिली, कारण आल्प्समधला पाऊस सांगून येत नाही आणि आपल्या चपलेचे नि पाण्याचे कधी जमलेले नाही.

विजेच्या बाबतीत मी उगीच घाबरलो होतो. दाब दोन्हीकडे 230 व्होल्टच आहे. मोबाइलच्या चार्जरचा दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, अडते ते लॅपटॉपच्या तीन पिनांपाशी, तेव्हा एक अडॅप्टर पुरला. 20,000 एमएएचची पॉवर बँक मात्र मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या पिशवीत घातली, कारण लिथियमच्या बॅटरीने पेट घेतलाच, तर तो केबिनमध्ये लगेच दिसतो आणि विझवता येतो, विमानाच्या पोटात नाही.

खरा वाद पेटला तो खाण्यावरून. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत, म्हणजे तूप आणि पेढे दोन्ही बाद, हे आईने कसेबसे ऐकून घेतले. पण खोबऱ्यातल्या तेलामुळे ते सहज पेट घेते, म्हणून भारतात 2022 पासून सुके खोबरे चेक-इन बॅगेत घालायला बंदी आहे, हे सांगितल्यावर काकूंचा माझ्यावरचा विश्वासच उडाला. "आयुष्यभर खोबरं किसलं, कधी पेटलं नाही," एवढे बोलून त्या आत गेल्या, आणि या युक्तिवादावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

तडजोड म्हणून डंकावर कांडून आणलेली कांदा-लसूण चटणी राहिली, तीही पाव किलो, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आणि वर रबर लावून. एवढ्या बंदोबस्तानंतरही तिचा वास बॅगेतल्या प्रत्येक सदऱ्याला लागला, पण ते मला चालणार होते.

दुसऱ्या दिवशी काट्यावर 21 किलो 800 ग्रॅम भरले. त्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसला निघण्याआधी पानात तांबडा रस्सा होता आणि वाटणाला हात सढळ लागला होता. खोबरे कुठले, हे मी विचारले नाही.