सायमन-गारफंकल प्रोजेक्ट: अंगठा मोकळा झाला, आता बॉक्सर

सायमन आणि गारफंकल या अमेरिकन गायक जोडीची गाणी मी गिटारवर शिकतेय, त्याची प्रगती आधी सांगते, पाल्हाळ मग. साउंड ऑफ सायलेन्स आता न अडखळता शेवटपर्यंत जातंय. कॅपो (तारा दाबून सूर वर नेणारी पट्टी) सहाव्या फ्रेटवर, बोटं ए मायनरच्या शेपमध्ये, म्हणजे ऐकायला डी शार्प मायनर. कॉर्ड फार नाहीत, पण वाजवता वाजवता गायला लागलं की अंगठा आवाजाच्या मागे पळतो. म्हणून आधी नुसता अंगठा, मेट्रोनोम (लयीची टकटक करणारं यंत्र) ६० वर, आणि त्याच वेळी घरच्यांशी गप्पा, भाजी काय करायची वगैरे. गप्पा मारताना अंगठ्याचा बास (खालचे सूर) हलला नाही की मगच बाकीची बोटं लावायची. करून बघा, खरंच फरक पडतो.

मी वाजवतेय ते १९६४ चं अकूस्टिक व्हर्जन. ते ज्या अल्बमवर होतं तो साफ आपटला होता, पॉल सायमन इंग्लंडला जाऊन फोक क्लबांत गायला लागला, आर्ट गारफंकल कॉलेजच्या अभ्यासाला लागला, जोडी संपल्यातच जमा. मग १९६५ मध्ये प्रोड्युसर टॉम विल्सनने या दोघांना न विचारताच त्याच टेपवर इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम्स चढवले आणि जानेवारी १९६६ मध्ये गाणं अमेरिकेत नंबर एकला! मूळ रेकॉर्डिंगची लय थोडी मागेपुढे होते त्यामुळे ड्रमरला मध्येच आवाजांसाठी थांबल्यासारखं करावं लागलंय, हेडफोन लावून ऐकलं की कळतं. आपल्याला मेट्रोनोमवर शिव्या खायला लावणारी गोष्ट तिकडे हिट झाली.

स्कारबरो फेअर अजून शिजतंय. कॅपो सातव्या फ्रेटवर, तीनची लय, आणि ए मायनरच्या मधोमध तो डी मेजर येतो ना, डोरियनचा (मायनरसारख्याच एका जुन्या स्वरसप्तकाचा) सगळा रंग तिथेच आहे, तो नीट वाजला नाही तर गाणं एकदम बापुडवाणं वाटतं. लोकगीत म्हणून हे शेकडो वर्षं जुनं इंग्रजी बॅलड आहेच, पण आपण जी गिटार ऐकतो तिच्यामागे इंग्लिश फोक गायक-गिटारिस्ट मार्टिन कार्थी आहे. लंडनच्या क्लबांमध्ये कार्थी हे गायचा, सायमनने त्याच्याकडूनच उचललं. बॉब डिलनचं गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री पण तिथलंच बरं का. १९६६ च्या अल्बमवर क्रेडिट फक्त सायमन-गारफंकलचं, आणि ते कार्थीला बरीच वर्षं सलत राहिलं. शेवटी २००० मध्ये सायमनने लंडनच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर बोलावलं आणि दोघांनी मिळून तेच गाणं म्हटलं. माझं मत विचाराल तर गोड शेवट आहे पण फार उशिरा. आपल्याकडे कॅसेटच्या कव्हरवर ‘पारंपरिक’ एवढंच छापून मोकळे होतात तेव्हाही मला हाच प्रश्न पडतो, चाल पारंपरिक असेल हो, पण ही जी वाजतेय ती बांधली कोणी? कार्थीचं १९६५ चं रेकॉर्डिंग आधी ऐका, मग या दोघांचं. दुसऱ्यात मधून विणलेलं जे युद्धविरोधी गाणं आहे (सायमनचंच जुनं, शब्द बदलून घेतलेलं) ते मात्र अस्सल यांचं, आणि त्यासाठी मी बरंच माफ करते.

मधल्या काळात इंग्लिश गिटारिस्ट डेव्ही ग्रॅहमची अँजी ही धून पण सुरू केलंय. ए मायनर, जी, एफ, ई असा खाली उतरणारा बास, वर करंगळीची कसरत. सायमनने हे साउंड्स ऑफ सायलेन्स अल्बमवर वाजवलंय आणि त्याच अल्बमच्या दुसऱ्या एका गाण्यात तो रिफ (परत परत येणारा तुकडा) जसाच्या तसा डोकावतो. स्पीड अजून लाजिरवाणा आहे, त्यामुळे पुढे चला.

सायमन-गारफंकलचंच एल कोंडोर पासा मी गिटारवर करणार नाही, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगते. त्यातली वाद्यं लोस इंकास या ग्रुपची आहेत, त्यांच्या तयार ट्रॅकवरच हे दोघं गायलेत. सायमनला वाटलं पेरूची लोकधून आहे, पण निघाली दानिएल अलोमिया रोब्लेसची १९१३ ची रचना! रोब्लेसच्या मुलाने केस केली, प्रकरण सामोपचाराने मिटलं, क्रेडिटमध्ये रोब्लेसचं नाव आलं. कार्थीच्या वाट्याला असं क्रेडिट आलं नाही. रोब्लेसच्या रचनेची अमेरिकेत कॉपीराइट नोंदणी होती, कार्थीकडे जुनं बॅलड आणि स्वतःची बोटं.

आता द बॉक्सर. हे एका गिटारवर पूर्ण येत नाही हे आधीच मान्य करून टाका म्हणजे डोकं शांत राहतं. रेकॉर्डवर सायमनबरोबर नॅशव्हिलचा गिटारिस्ट फ्रेड कार्टर ज्युनियर आहे, सुरुवातीचा तो घरंगळत येणारा तुकडा दोन गिटारींच्या मिळून होतो. गाण्यावर शंभराहून जास्त तास गेले, आणि कोरसमधला तो धाडकन आवाज म्हणजे ड्रमर हॅल ब्लेनने लिफ्टपाशी वाजवलेला ड्रम. तो मी टेबलावर हात आपटून काढणार आहे, शेजाऱ्यांना कल्पना दिलेली आहे. सध्या अर्धा सूर खाली ट्यूनिंग, सी चे शेप, साधं ट्रॅव्हिस पिकिंग (अंगठा बास धरतो, बाकीची बोटं वरची धून), मेट्रोनोम ७२ वर. दुसरी गिटार लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवर) टाकायची की भाच्याला पटवायचं ते ठरायचंय, भाचा स्वस्तात पडेल असं वाटत होतं पण त्याला फक्त डिस्टर्बड या मेटल बँडचं साउंड ऑफ सायलेन्स वाजवायचंय.