मधली सुट्टी कोणाची?

माझी मुलगी इथे, फिनलंडमधील ताम्पेरे शहरात, पाचवीत शिकते. मागच्या आठवड्यात तिचा गणिताचा गृहपाठ राहिला, म्हणून मी तिच्या वर्गशिक्षिकेला लिहिले की, सुट्टीत तिला वर्गात बसवून तो पूर्ण करून घ्यावा. संध्याकाळी उत्तर आले: गृहपाठाचे आपण शाळा सुटल्यावर बघू, पण सुट्टी तिची आहे आणि ती मी काढून घेऊ शकत नाही.

या उत्तराने मी दोन दिवस अस्वस्थ होते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शाळेत खेळाचा तास फळ्यावरील वेळापत्रकात होता, पण शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली की तो गणिताला जाई आणि आम्ही खिडकीतून रिकाम्या पटांगणाकडे बघत अपूर्णांक सोडवत असू. त्यात काही हिरावले जाते आहे, असे कोणालाच वाटत नसे. माझ्या आईवडिलांना तर तो शिक्षकांचा चांगुलपणाच वाटे. परवा मी स्वतः तेच मागितले होते.

इथे साधारणतः ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटांची सुट्टी असते आणि उणे दहा अंशांतही मुले बाहेर जातात. २०१० साली काही शाळांत ‘हालती शाळा’ अशा अर्थाच्या नावाचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो देशभर पसरला. त्यात मोठ्या वर्गांतील मुले सुट्टीत लहानांचे खेळ घेतात. पाचवीत आणि आठवीत धावणे, लवचीकता, चेंडू फेकणे-झेलणे अशी चाचणी होते, पण तिचे गुण प्रगतिपुस्तकात धरले जात नाहीत. तरीही वय वाढते तशी इथल्या मुलांचीही हालचाल कमी होते, हे सांगितलेच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना या वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटांची दमवणारी हालचाल सांगते आणि २०१६ च्या जागतिक आकडेवारीनुसार ११ ते १७ वयाच्या दर १०० मुलांपैकी ८१ जण तेवढी करत नव्हते; मुलींचे प्रमाण ८५ होते.

आमच्या मुली बसून असतात, असे मात्र कोणी म्हणू नये. त्या पाणी भरतात, सायकलने दुसऱ्या गावच्या शाळेत जातात, रविवारी कापूस वेचायला जातात. मीही इथे वर्षानुवर्षे हेच सांगत आले. शिवाय उणे दहाला अंगावर कपडे वाढवता येतात. आमच्या मे महिन्याच्या पंचेचाळीस अंशांना कातडी उतरवता येत नाही. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे काय? आणि कापूस वेचणारी मुलगी दिवसभर वाकलेली असते, तिला धावायला, हरायला, ओरडायला कुठे मिळते? मी बारा वर्षांची झाले तेव्हा ‘आता मोठी झाली’ एवढ्या एका वाक्यावर माझे आट्यापाट्या बंद झाले. वरच्या आकड्यातील मुलींचे ते जास्तीचे प्रमाण वाचताना मला आईचा तो आवाज ऐकू आला.

खेळाचे वेड आम्हाला बाहेरून आणावे लागणार नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. आट्यापाट्याला तर चुन्याच्या फक्कीने आखलेल्या पाट्या पुरतात.

माझा भाऊ शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. त्याला मी फोनवर एवढेच म्हटले की, परिपाठाआधीचा अर्धा तास आट्यापाट्यासाठी ठेवा, आठवीच्या मुलींना सहावी-सातवीच्या मुलींचा खेळ घेऊ द्या आणि परीक्षा असो वा नसो, तो अर्धा तास कोणत्याही विषयाला देऊ नका. तो बराच वेळ गप्प होता. मग मुख्याध्यापकांशी बोलतो म्हणाला. तेवढ्यात सातवीतल्या भाचीने फोन ओढून घेतला. मी तिला बुटांचे माप विचारले, तर म्हणाली, “आत्या, बूट नको पाठवू, आम्ही अनवाणीच खेळतो. फक्त पटांगणातले बाभळीचे काटे काढायला बाबांना सांग.”