डावा पाय

वाहन परवान्यासाठी प्रकृतीचे जे स्वयंघोषणापत्र भरून द्यावे लागते, त्यात फेफरे येते का, रातांधळेपणा आहे का, 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल आणि हिरवा रंग वेगवेगळे ओळखू येतात का, असे नेमके प्रश्न असतात. आणि सर्वांत शेवटी, तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा आणखी काही आजार आहे का, असा एक ऐसपैस प्रश्न असतो. अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्याचा अर्ज भरताना एका दुपारी मी त्या प्रश्नापाशी थबकलो. माझ्या डाव्या पायावर गुडघ्याच्या आतल्या बाजूपासून घोट्यापर्यंत निळसर शिरा गांडुळांसारख्या वेटोळी घेत उतरल्या आहेत; डॉक्टर त्यांना ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. त्यांच्यापासून लोकांना धोका नाही. असलाच तर तो मला आहे. मी ‘नाही’ लिहिले आणि पुढे गेलो.

कापडाच्या दुकानात दिवसभर उभे राहून तागे उलगडून दाखवण्यात माझी बरीच वर्षे गेल्यावर, आता याला बसून करायचे काम पाहिजे, असे घरात एकमताने ठरले होते. मेहुण्याचे ट्रक होतेच, आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा लागतो, तोही माझ्याकडे होता. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते हसले. पाय खाली सोडून तासन्‌तास बसणे आणि उभे राहणे यांत शिरांच्या लेखी फारसा फरक नाही, असे ते म्हणाले. वर चढणारे रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात; त्या निकामी झाल्या की रक्त पोटरीत तुंबते, आणि ते वर रेटण्याचे काम पोटरीच्या स्नायूवर येते. तो स्नायू मात्र पाऊल हलल्याखेरीज हलत नाही.

म्हणून मोजे आले. हे घट्ट मोजे सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्यापूर्वीच चढवायचे असतात, कारण एकदा उभे राहिले की पायावर सूज चढू लागते आणि मग ते टाचेवरून पुढे सरकत नाहीत. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ते ओढतो. इचलकरंजीच्या एप्रिलमध्ये गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घालून ट्रक शिकायला जाणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. शिकवणारा पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “काका, आज मॅच आहे का?”

वडिलांनी असले मोजे कधी पाहिले नाहीत. ते यंत्रमागावर होते. रात्रपाळीला निघण्यापूर्वी ते जोत्यावर बसत, कोऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी काढत आणि पावलापासून सुरुवात करून गुडघ्यापर्यंत वेढे देत जात. घोट्याशी पट्टी करकचून आवळत आणि वर जाताना हात सैल करत. मला ती पट्टी धरून ठेवण्याचे काम असे आणि ढील दिली की शिवी मिळे. खळ आणि तेल यांचा वास येई. आजचे महागडे मोजेही घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर क्रमाने सैल विणलेले असतात. वडिलांना हे कोणी सांगितले होते, ते विचारायचे राहून गेले. त्यांच्या घोट्यावरची कातडी पुढे काळवंडली आणि तिथली जखम शेवटपर्यंत भरली नाही.

ट्रकवर बसू लागल्यापासून माझे एक मत बनले आहे, ते कोणी मानो वा न मानो. आंबा घाटातून उतरलेल्या दिवशी पाय कमी सुजतो आणि महामार्गावर सरळ गेलेल्या दिवशी जास्त. घाटात डावा पाय सतत क्लचवर असतो, गिअर खाली, गिअर वर, त्यामुळे पोटरीला उसंत नसते. महामार्गावर एकदा वरचा गिअर पडला की डाव्या पायाला कामच उरत नाही. गाडी पळत असते आणि पाय जागच्या जागी गारठतो, नव्हे, उकडतो, कारण इंजिनाची धग पायापाशीच असते. उष्णतेने शिरा आणखी फुगतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. मेहुण्याचे ट्रक अर्थातच त्याच्या कितीतरी आधीचे. मोटार वाहतूक कामगारांसाठी 1961 साली जो कायदा झाला, त्यात सलग पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती लिहिलेली होती. पण त्या अर्ध्या तासात उतरून चालावे, हे कायद्यात कसे लिहिणार? आमच्याकडचे चालक थांबले की केबिनमध्येच आडवे होतात. मी टायर बघण्याचे निमित्त करून ट्रकभोवती फेऱ्या मारतो आणि टाचा उचलून उभा राहतो. टायर इतके निगुतीने बघणारा शिकाऊ माणूस पाहून मेहुणा खूश आहे.

शिरांवरच्या लेझर उपचाराचा विषय परवान्याच्या परीक्षेनंतर काढू, असे डॉक्टरांना सांगितले आहे. ते कशालाही हो म्हणतात, एक गोष्ट सोडून. एकच पोटरी अचानक सुजली, तापली, दुखू लागली, तर कोणाकडून पाय चेपून घ्यायचा नाही, गाडी बाजूला घ्यायची आणि थेट दवाखाना गाठायचा; आतल्या शिरेतली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात गेली तर वेळ मिळत नाही. हे सांगताना ते हसले नव्हते. मी मान डोलावली. आंबा घाटात गाडी बाजूला घ्यायला जागा कुठे कुठे आहे, ते आता बघून ठेवतो आहे.