सोडण

दिंडीबरोबर वारीला निघालो त्या पहाटेच विणेकरीबुवांशी वाजलं. कपाळ कोरडं का, म्हणाले. मी म्हटलं, पावसात गोपीचंदन राहतंय कुठे, मनात आहे. "मनात आहे तर कपाळानं काय घोडं मारलंय?" मागच्या बायका हसल्या. मला झोंबलं.

आदल्या संध्याकाळीच गोव्यातल्या फोंड्यात सफा मशिदीच्या तळ्याकाठी बसलो होतो. मशीद 1560 ची. वर्षभर सूफींवर वाचत होतो. शरीयत, तरीकत, हकीकत. आधी नियम, मग वाट, मग सत्य. वाचताना डोळा कायम शेवटच्या शब्दावर. 'अनल हक', मीच सत्य, म्हणणारा, 922 साली बगदादेत मारला गेलेला सूफी हल्लाज माझा. त्याच शहरातला, शरीयतीचं बोट न सोडणारा सूफी जुनैद मला बेतास बात वाटायचा. बुवांना हे कोण सांगणार!

खांडेपार गेलं, उसगाव गेलं. होंड्याच्या अलीकडे उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड. दिंडी पुढे गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. एका घराच्या सोप्यावर टेकलो. तिथे एक म्हातारे चाचा नारळ सोलत बसले होते.

"बस मरे. पाय दाखव."

आतून सुई-दोरा मागवला. काडी ओढून सुईचं टोक तापवलं, फोडातून दोरा आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला. पाणी दोऱ्यावरून निथळू लागलं. "ओढू नको. कातडी राहू दे वर." मी ती सोलायच्याच बेतात होतो.

सोललेल्या ढिगापासून लांब चारपाच नारळ सोडणासकट, वरच्या काथ्याच्या सालीसकट, ठेवलेले.

"ते राहिले?"

"ते रोपांना."

मग असरची, दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ झाली. चाचांनी वजू केला, नमाजाआधीची हातपाय धुणी. हात, चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. डाव्या करंगळीनं पायाच्या बोटांमधली एकेक फट धुतली. घाई नाही. मी बाह्याचारावर काहीतरी हुशार विचारणार होतो, पण ते चटई घेऊन आत गेलेसुद्धा.

नारळांकडे बघत बसलो. रूमी सांगतो, जर्दाळूचा नुसता गर पेरला तर उगवत नाही, कवचासकट पेरावा लागतो. वाचून पान उलटलं होतं. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफींच्या कादरी परंपरेतले, आणि वारकऱ्यांचे संतही. त्यांनी काय टाकलं, काय ठेवलं, कुणास ठाऊक. म्हणजे बुवांचं बरोबर? एवढं मान्य करायला जीव होईना. पाय ठणकत होता.

साखळीला पोचलो तेव्हा हरिपाठ संपत आलेला. पिठलं गार.

सकाळी बुवांपुढे कपाळ केलं. गोपीचंदन लावून, एक ओढ वाकडी झाली म्हणत त्यांनी अंगठ्यानं पुसून पुन्हा काढली. पुन्हा डोकं फिरलं माझं. मग चोर्ल्याचा घाट लागला. टाचेतून दोऱ्याची दोन टोकं लोंबत होती, भिजलेली.