नातीची चंद्रकोर

अक्षय्य तृतीयेच्या दुपारी दीडला लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इथे पारा ४४ वर. कूलरमध्ये पाणी भरून मी नुकतीच आडवी झाले होते. तिकडे मेलबर्नला संध्याकाळचे सहा वाजलेले, पानगळीचे दिवस, आणि नातीच्या डोक्यावर लोकरीची टोपी. तिने कागद कॅमेऱ्यासमोर नाचवला. "आजी, चांदोबा!"

कोरीची पाठ डावीकडे, टोकं उजवीकडे.

मी म्हटलं, "बेटा, ही तर वद्यातली कोर झाली. आज तीज आहे ना, मग उलट काढ."

"नाही आजी, अस्साच आहे." पोट्टी हटेना. शेवटी लेकीने फोन खिडकीबाहेर धरला. समोरच्या छपरांवर बारीक कोर उभी होती. पाठ डावीकडे.

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. आपला उन्हाळा तेव्हा त्यांचा हिवाळा, हे फळ्यावर कितीदा काढलं असेल! पण चंद्र बघणाऱ्या माणसाचं डोकं कोणत्या दिशेला आहे, हा विचार कधी शिवला नव्हता. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंश, मेलबर्न दक्षिणेला जवळजवळ ३८. आम्हा आजी-नातीत ५९ अंशांचा कल आहे. संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहिलं तर माझी कोर पाळण्यासारखी पसरलेली, जरा उजवीकडे कललेली. मी लगेच फोन करून "तुझंच बरोबर" असं सांगणार होते, पण तिथे मध्यरात्र होत आली होती.

मग मात्र राहवेना. तिला दिसणारं दक्षिणेचं आभाळ माझ्या वाट्याला किती येतं ते बघायचंच, असं ठरवलं. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडून धूळ बसली होती. हे फार महत्त्वाचं, कारण आपल्याकडे मे महिन्यात क्षितिजाजवळचे तारे धुळीतच विरतात. भाच्याला म्हटलं, चल, तुझ्या शेतावर जाऊ. त्याचं शेत उमरेडच्या पुढे. मुद्दाम दक्षिणेला गेलो, म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहतो. रामटेककडे गेलो असतो तर नेमका तोच आडवा आला असता.

पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं झालेलं. आम्ही धुऱ्यावर उभे राहिलो. नऊच्या पुढे कोर मावळली. आधी हस्त नक्षत्राचा चौकोन शोधला, तो दक्षिणेला बराच वर होता. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात. हस्तापासून तशा साडेतीन मुठी सरळ खाली उतरले आणि त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडच्या क्रूसासारख्या तारकासमूहाचा, माथ्याचा तारा सापडला, क्षितिजापासून मूठभर वर, तांबूस. पायथ्याचा तारा जेमतेम अर्ध्या मुठीवर, पलीकडच्या बाभळीच्या शेंड्याला टेकलेला. तो नुसता थरथरत होता. मधेच विझल्यासारखा व्हायचा, की मी श्वास धरायची, की पुन्हा लागायचा. बाजूचे दोन धरून चार झाले.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊ-दहाला त्रिशंकू असा ताठ उभा असतो. गंमत म्हणजे मेलबर्नलाही तो त्यांच्या घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला ताठ होतो, फक्त क्षितिजापासून साठ अंशांहून वर. तिथे तो मावळतच नाही. म्हणजे तिच्या आभाळातलं जे उभं राहतं, ते साडेचार तासांनी माझ्या धुऱ्याशी येतं.

मित्र नावाच्या ताऱ्यासाठी अकरापर्यंत थांबलो. भाचा जांभया देत होता, पण कुरकुरला नाही. मित्र आणि मित्रक जोडीने डावीकडून वर आले. मित्र आपल्यापासून साधारण ४.३ प्रकाशवर्षं दूर. त्या रात्री माझ्या डोळ्यांत आलेला उजेड निघाला, तेव्हा ही पोट्टी दुपट्यात होती. लेकीचं बाळंतपण करायला मी गेले होते, पण तेव्हा एकदाही वर पाहिलं नाही. त्याची हळहळ आता वाटते.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, "तुझी कोर बरोबर होती, आजीचं चुकलं." आणि वहीच्या पानावर चार ठिपके काढून त्रिशंकूचा फोटो पाठवला.

संध्याकाळी तिचा कागद आला. तिने पाच ठिपके काढले होते. लेकीने खाली लिहिलं होतं, "आई, इथल्या झेंड्यावरही पाच आहेत." तो पाचवा, बारीक, मला शेतातून दिसलाच नव्हता.