फुटपाथवरचं लिनक्सचं पुस्तक

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही म्हणून कितीतरी धडधाकट लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. मग उबंटू किंवा मिंट हे लिनक्सचे प्रकार टाकू म्हणून लोक पुस्तक शोधतात, आणि मुंबईत स्वस्त पुस्तक म्हटलं की फ्लोरा फाउंटन नाहीतर माटुंग्याचं किंग्ज सर्कल.

तिथे पुस्तक हातात घेतलंत की आधी आवृत्ती बघा. उबंटूच्या आकड्यातच तारीख असते: १६.०४ म्हणजे एप्रिल २०१६. १७.१० मध्ये युनिटी हा जुना डेस्कटॉप जाऊन ग्नोम आला, त्यामुळे त्याआधीची चित्रं आता जुळत नाहीत. गंमत म्हणजे डावीकडची आयकॉनची पट्टी तशीच दिसते, म्हणून नवखा माणूस जास्तच गोंधळतो. मागे चिकटवलेली डीव्हीडी तर विसराच. ती नऊ महिने सपोर्ट असणाऱ्या मधल्या आवृत्तीची निघाली, तर ‘सुडो एपीटी अपडेट’ (sudo apt update) या अपडेटच्या कमांडला ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, असा एरर येतो, कारण त्या पॅकेजेस केव्हाच जुन्या सर्व्हरवर हलवलेल्या असतात.

तरी पुस्तक रद्दी नाही. फाइल परवानग्या आणि त्या बदलणारी सीएचमॉड, कमांड जोडणारा पाइप, मजकूर शोधणारी ग्रेप ही प्रकरणं आजही जशीच्या तशी चालतात. नेटवर्कची माहिती दाखवणारी जुनी कमांड आयएफकॉन्फिग टाकल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका, ‘आयपी ए’ (ip a) टाका. त्या प्रकरणांसाठी पैसे मोजावेत, इन्स्टॉलेशनच्या प्रकरणासाठी नाही.

नवं पुस्तक घेणार असाल तर विंडोजशेजारी लिनक्स बसवण्याचं प्रकरण दुकानातच उभ्याने वाचा. पार्टिशनला (डिस्कच्या वाटणीला) हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलुपाची, ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवायला सांगितलंय का? विंडोजचा फास्ट स्टार्टअप बंद करायला सांगितलंय का? तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं; मग लिनक्समधून त्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. तात्पुरतं भागवायचं तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा.

घड्याळाचा घोळ मात्र आपल्याला लगेच जाणवतो. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. परत विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे! त्या घड्याळाची बॅटरी संपली समजून ती बदलायला लॅमिंग्टन रोड गाठू नका. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएलला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ जोडून चालवा (timedatectl set-local-rtc 1). ही कमांड थोडी कुरकुर करते, पण काम होतं.

मराठी टायपिंगचं पान बहुतेक पुस्तकांत नसतंच. उबंटूत सेटिंग्ज, कीबोर्ड, इनपुट सोर्सेसमध्ये जाऊन मराठी जोडा. सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड येत नसेल तर आयबस-एम१७एन (ibus-m17n) हे पॅकेज टाकून फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, घ्या, आणि एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर तो यादीत दिसत नाही.